कऱ्हाडमधला ‘ऱ्ह’

‘कऱ्हाड’ हा शब्द पाटीवर रंगवला तर तीन अक्षरांचा होतो: क, ऱ्हा, ड. संगणकाच्या पोटात मात्र त्याचे सहा तुकडे असतात. क, ऱ, पाय मोडण्याची खूण, ह, काना आणि ड, असे ते एकामागोमाग साठवलेले असतात. या सहांतून तीन अक्षरं घडवायची, ‘ऱ’चा पाय मोडून त्याची बारीक कोर ‘ह’ला चिकटवायची, हे काम दर वेळी कोणतं तरी सॉफ्टवेअर करत असतं. ते येत नसलेलं सॉफ्टवेअर नकाशा काढायला बसवलं, की कऱ्हाडच्या जागी सुट्या भागांची रांग उमटते. शिरूरची वेलांटी आपला ‘श’ सोडून पुढच्या ‘र’वर जाऊन बसते आणि गावाचं नाव भलतंच होतं. त्र्यंबकेश्वराची जी गत होते ती छापून दाखवणंही कठीण आहे.

इंटरनेटवरच्या अनेक चांगल्या, देखण्या, वेगवान नकाशांवर हे वर्षानुवर्षं घडत आलं आहे. मराठी नाव नकाशाच्या डेटाबेसमध्ये अचूक लिहिलेलं असतं, ते कोणी तरी प्रेमानं भरलेलं असतं, आणि पडद्यावर येताना मोडतं. हे का होतं याचा माग काढायचा तर सगळ्यांनी मिळून केलेला नकाशा कसा उभा राहिला, त्याची अवजारं कोणी आणि कशी निवडली, त्यावर कोण कोणाशी किती भांडलं, इथपर्यंत मागं जावं लागतं.

सुरुवात ब्रिटनमध्ये झाली. तिथली ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशासंस्था १७९१ पासूनची. तिचे नकाशे उत्तम, पण ते वापरायचे तर परवाना शुल्क मोजावं लागे आणि अटी पाळाव्या लागत. ज्यांच्या करातून ही संस्था उभी राहिली त्यांनाच नकाशाच्या आकड्यांना हात लावता येत नव्हता. २००४ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट या तरुणानं ठरवलं, की विकिपीडियासारखा नकाशा लोकांनीच करावा. जीपीएस यंत्र घेऊन सायकलवरून फिरायचं, यंत्रानं नोंदवलेली वाट संगणकावर चढवायची आणि रस्त्याचं नाव पाटीवर वाचून लिहायचं. याचं नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००६ च्या मे महिन्यात आईल ऑफ वाइट या बेटावर स्वयंसेवक जमले आणि शनिवार-रविवारात बेटाचे रस्ते पिंजून काढले. त्याच वर्षी प्रकल्पाची फाउंडेशन स्थापन झाली. आज या नकाशावर खातं उघडलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे. ऑर्डनन्स सर्व्हेनंही २०१० मध्ये आपल्या नकाशांचा काही भाग सर्वांना खुला केला.

आपल्याकडे सर्व्हे ऑफ इंडिया १७६७ पासून आहे, आणि इथेही नकाशा ही बराच काळ परवानगीची गोष्ट होती. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारनं नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी नकाशे तयार करण्याआधीच्या परवानग्यांची अट मोठ्या प्रमाणात काढून टाकली. पण ओपनस्ट्रीटमॅपवर भारत त्याआधीच उमटू लागला होता. २००७ मध्ये एका डच कंपनीनं नेदरलँड्सच्या संपूर्ण रस्त्यांबरोबर भारत आणि चीनमधल्या मुख्य रस्त्यांची माहिती या प्रकल्पाला देऊन टाकली. त्या सांगाड्यावर पुढं स्वयंसेवकांनी गल्ल्या, ओढे, देवळं, शाळा चढवल्या.

आता अवजारांकडे येऊ. लोकांनी केलेला नकाशा म्हटलं की डोळ्यांपुढं सायकल आणि जीपीएस येतं. पण या प्रकल्पाच्या वीस वर्षांत सर्वांत जास्त शब्द खर्च झाले ते सॉफ्टवेअरवर आणि नावांवर. सुरुवातीच्या रचनेत बिंदू होते, दोन बिंदूंना जोडणारे तुकडे होते आणि तुकड्यांचे मिळून रस्ते होते. २००७ च्या अखेरीला मधली पायरी काढून टाकली. रस्ता थेट बिंदूंच्या ओळीनं बनू लागला. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याहून मोठा बदल झाला. मायएसक्यूएल हा डेटाबेस सोडून पोस्टग्रेएसक्यूएल घेतला, आणि प्रत्येक संपादन ‘चेंजसेट’मध्ये, म्हणजे बदलांच्या गाठोड्यात, बांधून ठेवायची पद्धत आली. एका बैठकीत केलेले सगळे बदल एका गाठोड्यात, आणि त्यावर काय केलं, का केलं याची चिठ्ठी.

वाचताना ही कोरडी तांत्रिक बाब वाटेल. माझ्या मते या प्रकल्पातली ती फार मोठी सामाजिक घटना आहे. त्याआधी कोणी तुमच्या गावाचा रस्ता पुसला तर तो कशाबरोबर आणि का पुसला हे सहसा कळत नसे. आता कोणी, केव्हा, कशाबरोबर आणि काय म्हणून पुसला हे एकत्र दिसू लागलं. २०१४ पासून त्या गाठोड्याखाली इतरांना प्रश्न लिहिता येऊ लागले: ‘हा पूल तुम्ही स्वतः पाहिलात का?’ ‘ही पाणंद पावसाळ्यात चालू असते का?’ त्याआधी २०१३ मध्ये नकाशावर टाचणी टोचून चिठ्ठी सोडायची सोय झाली होती. त्यासाठी खातं उघडायचीही गरज नव्हती. चर्चा नकाशाच्या बाहेरून नकाशाच्या आत आली ती या सोयींमुळं.

संपादनाच्या अवजारांवरून झालेला वाद तर पुस्तकभर पुरेल. जोसम हा एडिटर सुरुवातीच्या वर्षांपासूनचा, जावात लिहिलेला. संगणकावर उतरवून घ्यायचा आणि शिकायला वेळ द्यायचा. पण हात बसला की त्यात काय होत नाही ते विचारा. २००७ मध्ये रिचर्ड फेअरहर्स्टनं पॉटलॅच आणला. तो थेट ब्राउझरमध्ये उघडे. काही उतरवून घ्यायचं नाही, नकाशा पाहता पाहता बदलायचा. त्यामुळं हजारो नवे लोक आले. अडचण अशी, की पॉटलॅच फ्लॅशवर चाले आणि फ्लॅश चालवणारा प्लेयर एका कंपनीच्या मालकीचा होता. मुक्त नकाशाचं दार मालकीच्या किल्लीनं उघडायचं का, असा आक्षेप येत राहिला. दुसरी बाजू म्हणत होती, की ब्राउझरमध्ये त्या काळी असं काम करणारं दुसरं काही नाही, आणि जे लोक आले ते आले कशामुळं? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. नाइट फाउंडेशनच्या अनुदानातून जावास्क्रिप्टमध्ये आयडी हा नवा एडिटर लिहिला गेला, २०१३ मध्ये तो आला आणि काही महिन्यांत संकेतस्थळाचा मुख्य एडिटर झाला. २०२० च्या अखेरीला फ्लॅश कायमचा बंद पडला तेव्हा नकाशाचं काम अडलं नाही. ज्यांनी सात-आठ वर्षं आधी कटकट केली होती त्यांचे आभार मानायला हवेत.

आयडी सोपा आहे. नवा माणूस ‘शाळा’ असं शोधतो, यादीतून निवडतो, टाकतो. पण यादीत काय असावं हे कोण ठरवणार? ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वस्तूला जे टॅग लावतात ते मुक्त असतात. ‘हायवे’ बरोबर ‘ट्रॅक’, ‘प्लेस’ बरोबर ‘हॅम्लेट’ अशा जोड्या. तत्त्वतः कोणीही नवी जोडी काढावी. व्यवहारात नवे लोक आयडीच्या यादीबाहेर जात नाहीत. त्यामुळं यादी सांभाळणाऱ्या दोन-चार विकासकांच्या हाती, त्यांना हवं असो वा नसो, शब्दकोशाच्या संपादकाची सत्ता आली. यावरून २०१९ च्या सुमारास चांगलीच जुंपली. विकासकांचं म्हणणं, आम्ही रोज कोड लिहितो, प्रत्येक शब्दाला सभा भरवता येत नाही. जुन्या स्वयंसेवकांचं म्हणणं, नकाशाची भाषा आमच्या सर्वांची आहे. विकासक थकले, काही बाजूला झाले, आणि पुढं फाउंडेशननं या एडिटरच्या देखभालीसाठी पैशाची तरतूद केली.

टॅगवर मतदानही होतं. कोणीही प्रस्ताव मांडायचा, त्यावर निदान दोन आठवडे चर्चा, मग निदान दोन आठवडे मतदान. एकमतानं आठ मतं पडली किंवा दहा किंवा अधिक मतांत पाऊण लोक बाजूनं असले तर प्रस्ताव संमत. एक कोटीहून अधिक खाती आणि निर्णयाला दहा मतं! हे ऐकून कोणाच्याही भुवया वर जातील. पण संमत झालेला टॅग कोणावर बंधनकारक नसतो. लोकांनी वापरला तर तो रुजतो, नाही वापरला तर कागदावर राहतो. आपल्याकडं भाषेत नवा शब्द येतो तो याच वाटेनं. फरक इतकाच, की इथं त्या दहांत कोण होतं हे कायमचं नोंदलेलं असतं, आणि त्या दहांत सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस क्वचितच असतो.

त्याचे परिणाम बारीक पण खरे आहेत. रस्त्यांची उतरंड ब्रिटिश पद्धतीची आहे: मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी आणि ‘अनक्लासिफाइड’. ब्रिटनमध्ये हा शेवटचा शब्द एका ठरावीक दर्जाच्या छोट्या रस्त्याला लावतात. आपल्याकडचा नवशिका तो वाचतो आणि समजतो, ‘अजून वर्ग ठरायचा आहे’. भारतातल्या नकाशाकारांनी राष्ट्रीय महामार्गाला ट्रंक, राज्य महामार्गाला प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्गाला सेकंडरी असा ढोबळ मेळ घातला. मग राष्ट्रीय महामार्गांची संख्या वाढत गेली, दोन पदरी खडबडीत रस्त्यांनाही राष्ट्रीय क्रमांक मिळाले, आणि प्रश्न आला: पाटीवरचा क्रमांक मानायचा की रस्त्याचं खरं महत्त्व? अमेरिकेतल्या स्वयंसेवकांनीही ट्रंक या शब्दावरून असाच वाद घातला आहे. डोंगरवाटांच्या अवघडपणासाठी वापरतात ती मोजपट्टी स्विस आल्पाइन क्लबची, सहा पायऱ्यांची. आल्प्समध्ये ती चोख बसते. पण आषाढातल्या शेवाळलेल्या कातळाला, गुडघाभर वाढलेल्या गवतात हरवलेल्या वाटेला तिच्यात जागा शोधावी लागते. पाणंद ही ‘ट्रॅक’ म्हणून नोंदवतात, आणि ट्रॅकला घट्ट ते मऊ अशा पाच प्रती आहेत. फेब्रुवारीत दुसऱ्या प्रतीची असलेली पाणंद जुलैत पाचवीच्याही खाली जाते. कोकणातली पाखाडी, घाटावरची वाडी, आळी, खिंड, बारव यांच्यासाठी कोणता टॅग चालवायचा हे या वस्तूंना पायानं ओळखणाऱ्यांनीच बसून ठरवायचं आहे.

परवान्याचा प्रश्न याहून कठीण होता. सुरुवातीला नकाशा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली होता. तो परवाना लेख, चित्र, संगीत अशा कृतींसाठी घडलेला. माहितीच्या साठ्याला नीट लागू पडत नव्हता. काही वर्षं वाद चालला आणि शेवटी खास डेटाबेससाठी लिहिलेला ओपन डेटाबेस लायसन्स घ्यायचं ठरलं. पण हजारो लोकांनी जुन्या अटींवर दिलेलं काम नव्या अटींखाली न्यायचं तर प्रत्येकाची संमती हवी. ती मागितली गेली. बहुतेकांनी दिली, काहींनी नाकारली, काहींचा पत्ताच लागला नाही. ज्यांची संमती मिळाली नाही त्यांचं काम २०१२ च्या जुलैत नकाशातून काढून टाकलं गेलं. एकूण नकाशाच्या मानानं ते थोडं होतं, पण ऑस्ट्रेलिया आणि पोलंडमध्ये चांगलीच भोकं पडली. लोकांनी ते रस्ते पुन्हा काढले. १२ सप्टेंबर २०१२ पासून नवा परवाना लागू झाला. स्वतःच्या हातानं केलेलं काम केवळ संमतीच्या तत्त्वासाठी पुसून टाकणं ही सोपी गोष्ट नव्हे, आणि मला या प्रकल्पाबद्दल आदर वाटतो तो मुख्यतः त्या जुलैमुळं.

खुला परवाना संकटात कसा उपयोगी पडतो हे दिसायला आणखी आठ वर्षं जावी लागली. तोवर नकाशा काढायची रीतच बदलत होती. जुन्या रीतीत सर्व्हर नकाशाची चौकोनी चित्रं तयार करून पाठवी. गावाचं नाव त्या चित्रातच रंगवलेलं असे. हे काम मॅपनिक नावाचं सॉफ्टवेअर करतं. नव्या रीतीत सर्व्हर फक्त कच्ची माहिती पाठवतो, रस्त्याच्या रेषा इथून तिथं आणि गावाचं नाव अमुक, आणि चित्र तुमच्या फोनवर किंवा ब्राउझरमध्ये तयार होतं. नकाशा सरकन मोठा-लहान होतो, तिरका करता येतो, नावांची भाषा बदलता येते. मॅपबॉक्स कंपनीचं यासाठीचं सॉफ्टवेअर मुक्त होतं आणि जगभर पसरलं होतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये कंपनीनं पुढची आवृत्ती आपल्या मालकीच्या परवान्याखाली काढली. आधीची आवृत्ती मात्र मुक्तच होती, दिलेलं परत घेता येत नाही. अनेक लोक आणि संस्था एकत्र आले, त्या आवृत्तीपासून नवी फांदी काढली आणि तिला मॅपलिब्रे नाव दिलं. आज ती जोमात आहे.

फांदीबरोबर खोडातला दोषही आला, आणि इथं आपण कऱ्हाडला परत पोचतो. या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांची चित्रं २५६-२५६ खुणांच्या गठ्ठ्यांनी मागवली जातात. एका खुणेला एक चित्र, आणि चित्रं एकापुढं एक मांडत जायची. रोमन लिपीला हे पुरतं, रशियनला पुरतं, चिनीलाही पुरतं. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, तिच्यासाठी वेगळी जोडणी लिहिली गेली. पण देवनागरी, बंगाली, तमिळ, ख्मेर, बर्मी यांचं घर असं बांधलेलं नाही. ‘ष्ट्र’ या जोडाक्षराला स्वतःची खूण नाही. ते पाच खुणांच्या मेळातून जन्मतं. ऱ्हस्व वेलांटी साठवताना अक्षरानंतर येते आणि दिसताना आधी. महाराष्ट्र हे नाव या पद्धतीनं मांडलं की पाय मोडल्याच्या खुणांनी भरून जातं. वेग हवा म्हणून केलेली ही निवड होती, कोणाचा दुस्वास करायला केलेली नव्हती. तरी कोट्यवधी लोकांच्या लिपी तिच्याबाहेर राहिल्या.

गंमत अशी, की जुन्या रीतीनं हा प्रश्न आधीच सोडवला होता. २०१५ मध्ये मॅपनिकच्या तिसऱ्या आवृत्तीत हार्फबझ हे अक्षरजुळणीचं मुक्त सॉफ्टवेअर आलं. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस हे सगळे तेच वापरतात. त्याचं नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडं. आणि ते घडवण्यात बेहदाद एस्फाहबोद या मूळच्या इराणी विकासकाचा मोठा वाटा आहे. ज्याची स्वतःची लिपी जोडून लिहिली जाते त्याला जोडाक्षरांची अडचण समजावून सांगावी लागत नाही, हे यातून मला दिसतं. ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य नकाशावर देवनागरी नीट उमटते ती हार्फबझ आणि नोटो या मुक्त फॉन्टच्या जोरावर.

मॅपलिब्रेमध्ये सध्या वापरात आलेला तोडगा हुशारीचा आहे. नकाशाची माहिती तयार होतानाच हार्फबझकडून अक्षरं जुळवून घ्यायची. जुळलेल्या प्रत्येक आकाराला, म्हणजे ‘ऱ्ह’ला, ‘ष्ट्र’ला, एक नवा क्रमांक द्यायचा आणि त्या क्रमांकांचा खास फॉन्ट बनवायचा. मग ब्राउझरला फक्त एका क्रमांकाला एक चित्र मांडायचं राहतं, जे त्याला येतंच. हे काम पुढं नेणाऱ्यांत एक स्वित्झर्लंडमधला विकासक आहे, आणि प्रोटोमॅप्स या मुक्त नकाशाप्रकल्पानं देवनागरीसाठी ही पद्धत स्वीकारली आहे. आल्प्सच्या पायथ्याशी बसून कोणी आपल्या रफारांची काळजी वाहतो याचा आनंद आहे. त्याच वेळी वाटतं, की ज्या देशात इतके सॉफ्टवेअर अभियंते आहेत, ज्या पुण्यात गल्लोगल्ली संगणकाच्या कंपन्या आहेत, तिथून हे काम आधी व्हायला हवं होतं. कोड उघडा होता. हात घालायला कोणाची परवानगी लागत नव्हती. २०२५ च्या जुलैमध्ये ओपनस्ट्रीटमॅपच्या मुख्य संकेतस्थळावरही नव्या रीतीचा नकाशा आला, त्यामुळं ही निकड आता वाढली आहे.

नावं नीट दिसायला आधी ती असायला हवीत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक ठिकाणाला नावाचा एक मुख्य रकाना असतो आणि त्याशिवाय भाषावार रकाने. मराठीच्या रकान्याला ‘एमआर’ अशी खूण असते. भारतात मुख्य रकान्यात बहुधा रोमन लिपीतलं नाव असतं. भाषावार रकान्यांमुळं पुष्कळ भांडणं टळतात. बेळगाव मराठीच्या रकान्यात बेळगाव म्हणूनच राहतं आणि कन्नड रकान्यात कन्नड नाव राहतं. एकानं दुसऱ्याचं खोडायची गरज नाही. औरंगाबाद आणि उस्मानाबाद यांची नावं २०२३ मध्ये बदलली, अहमदनगरचं २०२४ मध्ये. जुन्या नावांसाठी वेगळा रकाना आहे, त्यामुळं जुनं नाव शोधणाऱ्यालाही गाव सापडतं. सीमारेषांचा प्रश्न अवघड आहे. प्रकल्पाचं तत्त्व प्रत्यक्षात जे आहे ते नोंदवायचं असं आहे, तर भारतीय कायद्यानं १९६१ पासून देशाच्या सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणेच दाखवाव्या लागतात. माहिती आणि तिचं चित्र ही दोन कामं वेगळी असल्यामुळं भारतात नकाशा प्रसिद्ध करणारा तीच माहिती घेऊन कायद्याप्रमाणे रेषा काढू शकतो.

मराठी रकाना मात्र यंत्रानं भरता येत नाही. रोमन लिपीतलं नाव घेऊन कोणी प्रोग्रॅमनं देवनागरी केलं, तर ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ड’ आणि ‘द’ यांतला फरक आधीच गेलेला असतो. धुळ्याचं धुले होतं, मालवणचं मालवन, वडगावचं वदगाव. शहरांची नावं निदान कोणाला तरी ठाऊक असतात. वाड्यांची, ओढ्यांची, शिवारांची नावं तिथं राहणाऱ्यांच्या तोंडातच असतात, आणि ती लिहून ठेवली नाहीत तर दोन पिढ्यांत जातील. कऱ्हा नदीचं नाव आचार्य अत्र्यांच्या आत्मचरित्रामुळं घरोघरी पोचलं. तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या वाट्याला असं भाग्य आलेलं नाही.

चर्चा कुठं करायची यावरही या प्रकल्पात वाद होतो, आणि तो क्षुल्लक नाही. सोयीचं म्हणून कुठल्या तरी कंपनीच्या चॅट ॲपवर गट काढतात. तिथं बोलणं लवकर होतं, पण सहा महिन्यांनी निर्णय का झाला हे शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि त्या ॲपवर नसलेल्याला तर ते कधीच दिसत नाही. म्हणून फाउंडेशन आपलं कामकाज शक्य तिथं मुक्त सॉफ्टवेअरवर चालवते. तिच्या मंडळाच्या सभाही मुक्त साधनांवर झाल्या आहेत. निर्णयाची कारणं दहा वर्षांनी येणाऱ्या माणसाला वाचता आली पाहिजेत, या मताचा मी आहे. भारतातली या नकाशाबद्दलची चर्चा बहुतेक इंग्रजीत होते आणि गावात राहून नकाशा करणारे त्यात गप्प राहतात. मराठीत प्रश्न विचारला तर कोणी रागावणार नाही.

बंद दाराआडच्या निर्णयांची किंमत काय असते याचं अलीकडचं उदाहरण ट्रेकर मंडळींच्या खिशातलं आहे. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर रेंज गेली की नेटशिवाय चालणारा नकाशा लागतो. त्यासाठीचं मॅप्स डॉट मी हे ॲप एका कंपनीनं विकत घेतलं, २०१५ मध्ये त्याचा कोड खुला झाला. पुढं मालक बदलले, ॲप बिघडत गेलं, तेव्हा खुल्या कोडवरून ऑरगॅनिक मॅप्स निघालं. पैसा आणि निर्णय यांची माहिती सर्वांना मिळावी अशी मागणी तिथल्या स्वयंसेवकांनी २०२५ मध्ये उघड पत्रानं केली, समाधान झालं नाही, आणि कोमॅप्स ही आणखी एक फांदी निघाली. प्रत्येक वेळी नकाशा वाचला, कारण कोड आणि माहिती दोन्ही मुक्त होती. पण प्रत्येक फांदीमागं माणसांची दुखावलेली मनं आणि दोनदा केलेलं काम असतं.

वाचकहो, हे पान उलटल्यावर ओपनस्ट्रीटमॅप उघडा आणि आपलं गाव शोधा. मराठी नावाचा रकाना रिकामा असेल तर भरा, चुकलेला असेल तर दुरुस्त करा. दुसऱ्या नकाशावरून उतरवू नका. त्याला परवानगी नाही, आणि तुम्हाला त्याची गरजही नाही. बदलाच्या चिठ्ठीत हे नाव कुठून कळलं ते लिहा: ग्रामपंचायतीची पाटी, सातबारा, आजीचं तोंड. त्या चिठ्ठीखाली कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्या. आणि नाव पडद्यावर मोडून आलं तर ते ज्या सॉफ्टवेअरमधून आलं त्याच्या विकासकांना कळवा, सोबत ‘कऱ्हाड’ कसं दिसायला हवं त्याचं चित्र जोडा.